चालू वर्तमानकाळ आणि गोदूची सुपारी

श्रीवर्धन, ५ जानेवारी १९३१
आजपासून माझ्या ओटीवर इंग्रजीचा वर्ग. एकोणिसाव्या तारखेस डेप्युटीसाहेब मुलांची परीक्षा घेणार. त्यांचा संतोष झाल्यास शाळेतील इंग्रजीची जागा मला; न झाल्यास शेजारच्या त्या हरेश्वर मास्तरास, ज्याचा स्वल्पविरामाशी परिचय नाही. चिंतेचे कारण नाही.

६ जानेवारी
पाठांतर बंद. क्रिया करीत असतानाच तिचे वाक्य उच्चारावे, ही माझी मेथड. परंतु मुले बसण्याखेरीज कोणतीच क्रिया करीनात. धाकटी बहीण गोदू आतून म्हणाली, दादा, अंगणात सुपारी वाळून पडलीय, ती सोलू देत की. सूचना अडाणी, पण उपयुक्त. ‘आय ॲम पीलिंग.’

९ जानेवारी
प्रगती विलक्षण. आज रहाट: ‘आय ॲम ड्रॉइंग वॉटर.’ सगळी वाडी शिंपून झाली. वाक्य मात्र मी एकटाच म्हणत होतो. भागोजीस जाब विचारला. म्हणाला, गुरुजी, तोंड चाललं का हात थांबतो, मंग गोदूबाय पोहं देत न्हाय. मूळ कारण संकोच. जाईल.

१४ जानेवारी
विद्यार्थी दुप्पट! गोदूलाही भाषेची गोडी लागली. रोज नवे क्रियापद मागते. आज तिला झावळ्या विणण्याचे हवे होते. हरेश्वर कुंपणावरून विचारून गेला, एवढे गडी कुठून मिळवलेत? शुद्ध मत्सर.

१९ जानेवारी, दुपार
डेप्युटी आले. मी खणखणीत आज्ञा केली, ‘प्रेझेंट कंटिन्युअस!’ क्षणात ओटी रिकामी; मुले अंगणात, सुपारीभोवती. साहेबांनी भागोजीस इंग्रजीत विचारले, काय करीत आहेस? तो म्हणाला, दिसत न्हाय व्हय? सोलतंय. जरा सरका, पाय पडंल. काळ अचूक होता. भाषा तेवढी चुकली. साहेब पोट धरून हसले. हाच तो संतोष.

२६ जानेवारी, तिन्हीसांज
हुकूम आला. इंग्रजी हरेश्वरास. आमच्या अंगणातील हस्तोद्योगाचा वर्ग मंजूर. शिक्षिका गोदूबाई, मदतनीस मी. हुकुमात ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आहेत. त्या दुरुस्त करून तो परत पाठवणार होतो. गोदू म्हणाली, ते मागाहून, दादा. आधी ही टोपली.
आय ॲम पीलिंग, असे मी स्पष्ट उच्चारले.
तोंड मिट, म्हणाली, हात थांबतोय.