अलार्मची मर्यादा

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१०
आजपासून शिस्त. या बीमलाइनवर, म्हणजे क्ष-किरणांच्या प्रयोगवाटेवर, माझं मुख्य काम एकच, गारवा राखणं. क्ष-किरणांचा झोत पहिल्या स्फटिकावर पडतो, स्फटिक तापतो, मागून थंड पाणी फिरतं. पाणी कमी पडलं की स्फटिक केसाहून कमी फुगतो, पण तेवढ्यानेही झोत सरकतो. पाण्याचा फिल्टर आज साफ करणारच.

दुपारी ४
पाणी मिनिटाला चार लिटरच्या खाली गेलं, अलार्म वाजला. पीएचडीची मुलगी आजच आलीय. आठ महिने थांबून चार दिवस मिळालेत तिला. फिल्टर साफ करायचा तर झोत बंद, साहेबांची परवानगी, आणि साहेब विचारणार, शेवटचा कधी केला होता? तिचा वेळ कशाला घालवा? अलार्मची मर्यादा साडेतीनवर आणली. शांतता. तिच्यासाठीच केलं.

मंगळवार, १४
झोत सरकतोय. मुलगी म्हणते, नमुने मीच नीट बसवले नसतील. मी म्हटलं, होतं असं. हे खोटं नाही, होतंच असं. मर्यादा तीन. फिल्टर उद्या सकाळी, नक्की.

बुधवार, १५
मर्यादा अडीच. मुलीला दोनदा चहा पाजला, माझा अर्धा डबा दिला. साहेब म्हणाले, बाहेरून आलेल्या युजरची एवढी काळजी घेणारा माणूस पाहिला नाही. मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.
घरी जेवण जाईना. ही म्हणाली, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बदला म्हणून तीन महिने सांगतेय. ताटावरून उठलो.

गुरुवार, १६
तिचा शेवटचा दिवस. खरं सांगून टाकायचं म्हणून वाक्य पाठ करून गेलो. तीच आधी बोलली. "काका, नमुनेच खराब होते माझे. वर्षाचं काम फुकट. तुम्ही होतात म्हणून तग धरला. हा नमुन्यांचा डबा टाकून द्याल?"
"हो," म्हणालो. पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं.
डबा ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

शुक्रवार, १७, दुपारी १
फिल्टर साफ केला. साहेबांनी काही न विचारता परवानगी दिली. जाळीवर बोटभर गाळ. काम वीस मिनिटांचं. पाणी साडेचार लिटर, झोत जागचा हलत नाही. तिचा एक नमुना लावून पाहिला. इतका स्वच्छ आलेख या बीमलाइनवर वर्षात आला नसेल.

३.३०
तिला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणजे, फिल्टर तुंबला होता एवढं. ती म्हणाली, "काका, हे लेखी द्याल? नाहीतर माझे पीएचडीचे सर मला पुन्हा वेळ मागू देणार नाहीत. फिल्टर किती महिने साफ झाला नव्हता, एवढंच लिहा."
देतो म्हटलं. पुरावा हवा म्हणून फिल्टरवर लटकणाऱ्या टॅगचा फोटो काढायला गेलो. दर महिन्याला एक चौकट, प्रत्येकीत साफ केल्याची माझी सही. जानेवारीत एका बैठकीत बाराही उरकल्या होत्या, विसरलोच होतो. टॅगप्रमाणे हा फिल्टर येत्या डिसेंबरमध्येही साफ झालेला आहे.
फोटो तिला आणि साहेबांना पाठवला. याहून पक्का पुरावा मिळणार नाही.

४.०५
साहेबांचा निरोप: डिसेंबरचं काम वेळेआधी झाल्याबद्दल अभिनंदन. वर या.