मनीला दार, मला धूर

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

डोकं अजून तडतडतंय. आज ह्यांनी धामणकर नाक्यावरून सुतार आणला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आमच्या मांजरीसाठी, मनीसाठी, भोक पाडून घेतलं. का, तर दापोड्याच्या गोडाऊनला निघताना ती पुढच्या दारात आडवी जाते आणि ह्यांना परत घरात येऊन बसावं लागतं!

त्याच दाराला वर जाळी बसवा म्हणून मी लग्न झाल्यापासून सांगतेय. फोडणीच्या धुराने डोळे चुरचुरतात. दर वेळी एकच उत्तर, "सागाच्या दाराला भोक न्हाय पाडायचं."

आज मात्र झडप कसली हवी यावर केवढी चर्चा! प्लाय नको, शेपटी अडकेल. रबर लावा. शेपटी! आणि माझे डोळे?

सुतारानेच विचारलं, "भाभी, ऊपर जाली भी काट दूँ?"

हे म्हणाले, "उसकी जरूरत नहीं."

जेवून हे निघाले. मनी नव्या दारातून बाहेर पडली, घराला वळसा घालून फाटकात थेट ह्यांच्या गाडीपुढून आडवी गेली. हे परत आत येऊन बसले. मी पाणी दिलं. हसू कसंबसं दाबलं.

उद्यापासून तिची दुधाची वाटी फाटकाशीच ठेवणार. रोज, ह्यांच्या निघायच्या वेळेला. जाळी बसेपर्यंत.