टाकीत खुर्च्या आहेत

ती. आबांच्या पायाशी सुनयनाचा नमस्कार.

मी रबाळ्यात ठीक आहे. मेसची भाजी गोडसर असते, एवढंच. फोनच केला असता, पण आई स्पीकर लावते, म्हणून पत्र.

समुद्रातल्या पवनचक्क्यांचा कोर्स निम्मा झाला. शिडी चढण्यात मी वर्गात पुढं आहे. आपल्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर तुम्ही द्यायचात, तसा आधी सुरक्षेच्या पट्ट्याला झटका देते, मगच चढते. पोरं हसतात.

पण आबा, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. पोहण्याच्या परीक्षेची टाकी महिनाभर साफसफाईसाठी बंद आहे. मी डोकावले, तर आत जुन्या खुर्च्या रचलेल्या. काल सरांनी आम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावली, पाइपनं डोकी भिजवली आणि फोटो काढले. मग कागद पुढं केला, 'मी पाण्यात वीस मिनिटं तरंगले.'

मी विचारलं, "सर, कधी?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. नोकरी देणारी कंपनी फोटोच बघते."

बाकीच्यांनी सह्या केल्या. मी केली नाही. तेव्हापासून सर फार गोड बोलतात, आणि प्रवेशावेळी जमा केलेली माझी आयटीआयची मूळ मार्कशीट मागितली की त्यांना कपाटाची चावी सापडत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे?

आईला एवढंच सांगा, शनिवारी येतेय. विहिरीला पाणी किती आहे ते बघून ठेवा. दादाला पोहायला शिकवताना त्याच्या पाठीला बांधायचात तो पत्र्याचा डबा माळ्यावरून काढा. तेव्हा मला काठावरच बसवलंत. आता उतरवा. दोर मात्र तुम्हीच धरा, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

तुमची,
सुनयना