मिटलेल्या डोळ्यांचं मुखपृष्ठ

प्रिय ढमे,

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटसुलट करशील आणि मग चहा होईपर्यंत तसंच ठेवून देशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. आज ठेवू नकोस. गुरुवारच्या आत तुझं वाचून व्हायला हवं.

चार दिवस मी स्टुडिओत जमिनीवर बसून आहे. भोवती आमच्या साप्ताहिकाची, तुझ्या बाबांच्या फोटोंची मुखपृष्ठं पसरलीत, सगळी माझ्याच कॅमेऱ्यातली, सव्वीस वर्षांची. दुपारी पडदा हलतो, उजेड एकेका चेहऱ्यावरून सरकत जातो, आणि वाटतं, वेगवेगळ्या वयाचे बाबा एकाच खोलीत झोपलेत आणि हळूच कूस बदलतायत. पहिल्या अंकात त्यांचं डोकं साप्ताहिकाच्या नावावर चढलंय, दोन अक्षरं झाकून. ही आमची जुनी खोड. नेता जोरात असला की डोकं अक्षरांच्या पुढे, उतरणीला लागला की मागे. लिहीत कुणीच नाही, पण वाचकाला कळतं. ते तिसऱ्यांदा निवडून आले तेव्हा निम्मं नाव झाकलं होतं. गेल्या वर्षी मात्र ते पार खाली आले, वर नुसतं राखाडी आभाळ. ते आभाळही मीच मन लावून टिपलं, गं.

तू भांडून घर सोडलंस त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तुझी बाजू घेतली, आजही घेते. ते कुणाचंच ऐकत नव्हते, तुझं तर नाहीच.

महिन्यापूर्वी पक्षानेच त्यांना बाजूला सारलं. संपादकांनी मला बोलावून सांगितलं, शेवटचं मुखपृष्ठ करायचंय, काही नीटनेटकं करत बसू नकोस. मी गेले तेव्हा ते खिडकीशी उभे होते, कोटाची बटणं एक काज चुकवून लावलेली. एरवी मी आधी कॉलर सारखी करते, बटणं बघते, मगच कॅमेरा उचलते. त्या दिवशी हात पुढे गेला आणि मी तो मुद्दाम आवरला. मनात म्हटलं, मिळालं मुखपृष्ठ! लाज वाटते लिहिताना.

तेवढ्यात ते वळले, मला बघून तोंडभर हसले, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून थांबले. म्हणाले, "चिमणे, बटणं लाव ना. तुझी आई ओरडेल." ढमे, त्या नावाने ते फक्त तुला हाक मारायचे. आणि तुझी आई जाऊन तर पंधरा वर्षं झाली. मी फोटो काढला. बटणं नंतर लावली.

तोच फोटो गुरुवारी येतोय. काल परत मागायला गेले, पण छपाई सुरू झालीय. लोक म्हणतील, खुर्ची गेली तरी याचे डोळे उघडले नाहीत. तू एखाद्या स्टॉलवर तो बघून तेच म्हणू नयेस, म्हणून हे लिहितेय. ते तुझी वाट बघत होते, आणि तुझ्या जागी मी उभी होते. माझ्यावर हवं तेवढं चीड, पण ये. तुझं नाव अजून त्यांच्या तोंडी आहे तोवर ये.

तुझीच,
काडी