ह्या सिनेमात मी मरत नाही

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप सुलूताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, दत्तारामचा, वाकून नमस्कार. आम्ही इथे सगळे मजेत. तुझा खोकला गेला का? पत्र बघून घाबरू नकोस. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावतात आणि अख्खी आळी ऐकते.

पहिली बातमी. ह्या सिनेमात मी मरत नाही! पार शेवटपर्यंत जिवंत. हसू नकोस. चाळीस वर्षं इंटरव्हलच्या आत मरत आलोय. हार्ट अटॅकने, ट्रकखाली, गुंडांच्या गोळीने, एकदा तर नुसती वाईट बातमी ऐकून. हिरोला सूड घ्यायला कारण हवं ना, मग मरा बापाने! पहिल्याच सिनेमात मला तिरडीवर बघून तू थिएटरात हंबरडा फोडलास, आणि त्यानंतर माझा एकही सिनेमा पाहिला नाहीस. शेवंती तुला किती समजवायची, "अहो ताई, नंतर उठून वडापाव खातात हे!"

तर आता काम आहे म्हातारपणी दुसरं लग्न करणाऱ्या विधुराचं. समोर मृणालिनी. बघितलीस तर ओळखशील, सिरियलमधली खाष्ट सासू बहुतेक तीच असते. खरी तशी नाही हां. जेसल पार्कात एकटी राहते, सुरमई फर्स्टक्लास तळते.

मला कसं ठाऊक, ते पुढे सांगतो.

लग्नाचं शूटिंग काशीमीऱ्याच्या एका हॉलमध्ये होतं. आमच्यात लग्नाचा सीन कधी पुरता करत नाहीत. भटजी झालेला नट चार ओळी पुटपुटतो, मंगळसूत्राचा शॉट घेतात, संपलं. मुद्दाम अर्धवट ठेवतात, न जाणो खरंच लागलं तर! पण त्या दिवशी तो नट हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. प्रॉडक्शनचा चंदन धावत जाऊन भाईंदरहून खरेखुरे गुरुजी घेऊन आला. गुरुजींनी बसल्या बसल्या गोत्र विचारलं. डिरेक्टर ओरडतोय, "कट! महाराज, बस, हो गया!" गुरुजी ढिम्म. म्हणाले, "सप्तपदी व्हायचीय अजून. मी लग्न अर्धं सोडत नाही." अख्खं युनिट पोट धरून हसत होतं. एवढी वर्षं कॅमेऱ्यासमोर काढली, पण त्या दिवशी कॅमेरा विसरून सातही पावलं चाललो. तीही.

पॅकअपनंतर कपडेवाले दादा दागिने गोळा करायला आले. मृणालिनीने बांगड्या दिल्या, नथ दिली. मंगळसूत्रापाशी हात थांबला. "उद्या देते," म्हणाली. शूटिंग संपून महिना होऊन गेला, ताई. अजून दिलेलं नाही.

बघ, किती फिरवून फिरवून सांगतोय, कारण सरळ सांगायला भीती वाटते. मी मृणालिनीशी लग्न करतोय. सिनेमात नाही, खरोखर. नीरजला ठाऊक आहे, आणि सूनबाईने, समिधाने, मला झब्बासुद्धा शिवायला टाकलाय. गुरुजी म्हणतात, "पुन्हा कशाला? लागलंय ते!"

राहिलीस तू. शेवंतीला तूच पसंत करून आपल्या घरात आणलंस. शेवटच्या आजारपणात तूच तिच्या उशाशी बसलीस. तुला वाटेल, दत्त्या तिला विसरला. नाही गं विसरलो. मृणालिनीकडे जेवायला गेलो की निम्मा वेळ शेवंतीच्याच गोष्टी सांगतो, आणि ती मन लावून ऐकते, मध्येच विचारते, मग पुढे काय झालं? म्हणून तर जीव जडला. ह्या वयात इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. सकाळी आरशात बघून शीळ घालतो, समिधा हसते.

मृणालिनी म्हणते, "ताई आल्या तर लग्न. नाहीतर आहोत तसे बरे." माझंही तेच. तू नाही म्हणालीस तर रुसणार नाही, पण बोहल्यावरही चढणार नाही.

हो म्हणालीस तर नीरज गाडी घेऊन गुहागरला येईल. हॉल नाही, बँड नाही, घरातच करायचंय. पण नवऱ्यामागे करवली लागते, आणि मला बहीण एकच. सत्तरीतला नवरा आणि त्याच्याहून मोठी करवली, लोक हसतील. हसू देत! हातात दिवा घेऊन माझ्यामागे उभी राहा. पाय दुखले तर खुर्ची देतो, पण मागे वळलो की तूच दिसायला हवीस.

तुझ्या होकारावर अडलेला नवरामुलगा,
दत्त्या