दुपट्टा बांधून पत्ता विचारला

प्रिय भैरवी,

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी तूच ना वं? मग इथं इतवारीच्या घरी एक आजी उरली आहे हे तुले कुठून आठवावं! असो. मी सांगून राहिली, जयवंता लिहून राहिली. तिच्या मोबाइलच्या दुकानात बसली आहे, शटर अर्धं पाडून. माझ्या शिव्या ती गाळते म्हणते. त्या तू आपल्या मनानं घाल.

प्रीतमसाठी तू घर सोडलं तेव्हापासून इथं तुझं नाव कोणी काढत नाही. तुझ्या मायनं तुझं ताट माळ्यावर टाकलं. रोशन तेवढा मोबाइल पाहून हसतो. सख्खा भाऊ तुझा, पण ते हसू पाहिलं की मी ताट सरकवून उठते. काल माझ्यासमोरच त्याच्या दोस्ताले, विक्कीले, सगळं सांगत होता. अंगठेवाली म्हातारी, तिले काय समजते! खरंच नाही समजलं. पण शब्द सगळे धरून ठेवले आणि इथं येऊन जयवंतापुढं ओतले. तिचा चेहराच उतरला.

ती सांगते ते असं. तुझं ते व्हीपीएन म्हणजे उन्हात पोरी तोंडाले दुपट्टा बांधून स्कूटीवर निघतात तसं. कोण चाललं, कुठं चाललं, रस्त्यावरच्याले कळत नाही. पण फोनले नुसत्या नावावरून घर सापडत नाही म्हणे, आधी कोणाले तरी पत्ता विचारावा लागते. त्याले डीएनएस म्हणतात. असे पत्ते सांगणारे जगभर बसले आहेत, कोणालेही सांगतात. व्हीपीएनवाले बहुतेक आपलाच माणूस देतात विचारायले. पण मागच्या दिवाळीत 'जाहिराती बंद करून देतो' म्हणून रोशननं तुझा फोन घेतला होता, तेव्हा त्यात आपल्या खात्याचा पत्तेवाला बसवून दिला, विचारलेलं दर नाव रोशनच्या मोबाइलात दाखवणारा. तो अजून तिथंच आहे. म्हणजे माझी शहाणी तोंड झाकून निघाली, अन् दर चौकात रस्ता विचारला तो भावानं बसवलेल्या माणसाले! आत जाऊन काय बोलली ते त्याले कळलं नाही. कोणाच्या दारी गेली ते सगळं कळलं.

फोन लागत नाही म्हणून प्रीतमवर रुसली असशील. रुसू नको. कन्हानच्या ज्या ट्रान्सपोर्टवर तो लागला, त्याचं नाव तुझा फोन सारखा विचारत होता. रोशन अन् विक्की तिथं पोचले. पोरी, प्रीतम राहिला नाही. मी त्याच्या मायकडे गेली, खाली मान घालून बसली. तिनं मले पाणी दिलं. मी पिली.

तुझ्या पुण्याच्या होस्टेलचं नावही मी रोशनच्याच तोंडून ऐकलं. रविवारी तिकडं यायले गाडी काढून राहिले ते. तुझा नवा नंबर आमच्यापाशी नाही, म्हणून जयवंताची पोरगी सरिता हे पत्र तुझ्या हातात देईल. तो फोन तिथंच टाक आणि उभ्या पायानं तिच्यासोबत निघ. इकडं पोलिसात रोशनचं नाव सांगून अंगठा मी लावते. सुखरूप पोचली की दुकानाच्या पत्त्यावर पुडा पाठव. आत चिठ्ठी नको, नुसती खारी टाक, चहात बुडवली की माझ्या हिरड्यांले चालते. तेवढ्यानं समजीन की तू आहे. गोड मात्र काही पाठवू नको. प्रीतमचं सुतक आमच्या घरात मी एकटी पाळून राहिली.

तुझीच,
आजी