नदीकाठचे लॉगिन टेकडीवरून परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
संगणक व दूरसंचार विभाग,
मुख्यालय.

विषय: नदीकाठ कार्यालयाचे सबनेट (संगणकांच्या पत्त्यांचा तुकडा) डिरेक्टरीत नदीकाठच्याच नावे लावून सर्व्हर वाचवणेबाबत.
संदर्भ: ‘वापराविना पडून असलेले सर्व्हर परत घेणे’ ही आपली नोटीस.

महोदय,

१. मी नदीकाठ कार्यालयाचे नेटवर्क सांभाळतो. वरील नोटिशीनुसार आमचा लॉगिन तपासणारा डिरेक्टरी सर्व्हर महिनाअखेर उचलला जाणार असून मला टेकडी कार्यालयात, तेथील नेटवर्क प्रमुखांच्या हाताखाली बसावे लागणार आहे. सदर प्रमुख माझे साडू आहेत. नोटिशीत तसा उल्लेख नाही, म्हणून करीत आहे.

२. सर्व्हर पडून आहे हे खरे. पण त्याच्याकडे कोणी फिरकतच नाही, त्याला तो काय करणार? संगणकांचे कोणते पत्ते कोणत्या कार्यालयाचे, हे डिरेक्टरीतील नोंदीवरून ठरते आणि त्यानुसार संगणक लॉगिनसाठी जवळचा सर्व्हर गाठतो. आमच्या पत्त्यांची नोंद टेकडीच्या नावे आहे. आमच्या हिशेबनीस बाई सकाळी लॉगिन करतात, ते शहर ओलांडून टेकडी चढते, आणि आमचा सर्व्हर शेजारच्या खोलीत नुसता पंखा फिरवीत बसतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

३. असे घडण्याचे कारण: मागील आखणीत टेकडीला पत्त्यांचा मोठा गट मिळाला, आम्हांस लहान. आमचे संगणक त्यात सुखाने मावत होते, तरी मी वाढीव पत्ते मागितले. साडूंना मिळते ते मला का मिळू नये? आपण टेकडीच्याच गटातून तुकडा काढून दिलात. मी त्याच दिवशी झाडून सगळे संगणक त्यावर हलवले. तो तुकडा डिरेक्टरीत आमच्या नावे लावण्याचा अधिकार फक्त साडूंना आहे. त्यांना मी सांगितले नाही. का सांगावे?

४. साडूंविरुद्ध माझी तक्रार नाही. ते सज्जन आहेत, हेच दुखणे आहे. सासूबाईंचा मोबाइल अडला की मी समोर बसलेला असूनही फोन त्यांनाच जातो. परवा सर्वांसमक्ष जेवताना पत्नीने या नोंदीचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, एका ओळीचं काम! नुसतं सांगायचं होतंत.” सगळे हसले. माझी पत्नीही हसली. महोदय, ते फार लागले. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि हे आपणांस कळवण्यात मला कमीपणा वाटत नाही. घरी कळवण्यात वाटतो.

५. टेकडीच्या मोठ्या गटाची नोंद तशीच ठेवून आमच्या तुकड्याची वेगळी ओळ घातली, तरी आमचे संगणक आमच्याच सर्व्हरकडे येतील. नवी खरेदी नको, माणूस नको.

६. तरी साडूंना ही ओळ घालण्याचा लेखी आदेश आपण द्यावा. माझ्या शब्दावरून घातली तर तो उपकार होईल आणि सासरी मला तो जन्मभर ऐकावा लागेल. आदेशावरून घातली तर ती त्यांची नोकरी. ते आजच नोंद करायला निघाले आहेत, असे पत्नीकडून समजते. आपला आदेश निघेपर्यंत त्यांना कृपया थांबवावे. मग तोवर आमचा सर्व्हर उचलला गेला तरी हरकत नाही.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
(सही)
नेटवर्क सांभाळणारा,
नदीकाठ कार्यालय
दिनांक: नोटीस मिळाली तोच

सोबत: नोटिशीची प्रत, पत्त्यांच्या आखणीचा नकाशा.
प्रत माहितीसाठी: टेकडी कार्यालय (पाठवू नये, ही विनंती).